शनिवारची महिला मंडळाची बैठक: नॉमिनेशनची प्रत शोधून ठेवा

ए-३०२ ताई (महिला मंडळ): नमस्कार मैत्रिणींनो. येत्या शनिवारी दुपारी ४ वाजता क्लब हाउसमध्ये बैठक आहे. यावेळी पाहुण्या दोन: वारसाहक्काची प्रकरणं चालवणाऱ्या वकीलबाई आणि बँकेतून निवृत्त झालेल्या एक मॅडम. घर कोणाच्या नावावर, नॉमिनी कोण, मृत्युपत्र केलंय का, यावर बोलणार आहेत.

बी-१०४ काकू: सणासुदीचे दिवस तोंडावर आलेत गं. मृत्युपत्राचं आत्ताच कशाला?

ए-३०२ ताई: काकू, माझ्या बाबांच्या वेळचं सांगते. लग्नाआधी फ्लॅट घेतला तेव्हा त्यांनी नॉमिनी म्हणून काकांचं नाव घातलं होतं. पुढे तो फॉर्म कोणी उघडूनच पाहिला नाही. बाबा गेल्यावर सोसायटीचं पत्र आलं ते काकांच्या नावाने. आईला वाटलं, घर गेलं. काका सरळ माणूस म्हणून निभावलं, तरी दोन वर्षं लागली. तेवढे दिवस आई रात्री उठून कपाटातले कागद चाळत बसायची. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, एवढं एक वाक्य तेव्हा कोणी सांगायला हवं होतं. आता तर २०१९ च्या दुरुस्तीने सहकार कायद्यातच आलंय: वारस ठरेपर्यंत नॉमिनी फक्त तात्पुरता सभासद.

सी-५०१: आमचे हे म्हणतात, बायकोलाच तर सगळं मिळणार.

ए-३०२ ताई: नाही मिळत. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायद्याने नवऱ्याच्या स्वकष्टाच्या मिळकतीत बायको, प्रत्येक मुलगा-मुलगी आणि नवऱ्याची आई यांचे सारखे वाटे. दोन मुलं आणि सासूबाई असतील तर तुझा चौथा हिस्सा. इतर धर्मीयांचे नियम वेगळे आहेत, वकीलबाई तेही सांगतील.

डी-२०३ मावशी: मी शाळेत नोकरी करून घर घेतलं. हे नाहीत, मूलबाळ नाही. माझं काय?

ए-३०२ ताई: मावशी, तुम्ही तर याच. मृत्युपत्र नसेल तर तुमच्या कमाईचं घरसुद्धा आधी सासरच्या वारसांकडे जातं, माहेरचे त्यानंतर. भाचीला द्यायचं असेल तर लिहूनच ठेवायला हवं. साधा कागद चालतो, दोन साक्षीदारांच्या सह्या मात्र हव्यातच. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी.

ए-१०१ काका: आम्ही आलो तर चालेल का?

ए-३०२ ताई: जोडीने या काका. बँकेचंही ऐकण्यासारखं आहे, १ नोव्हेंबर २०२५ पासून खात्याला चार नॉमिनी लावता येतात.

बी-४०३ (आजी सांगताहेत, सून लिहितेय): माझं लग्न १९७८ चं. माहेरी वडिलोपार्जित शेत आहे. दिल्या घरच्या लेकीला त्यात काही नाही म्हणतात, खरं का?

ए-३०२ ताई: आजी, १९९४ ला महाराष्ट्राने मुलींना हक्क दिला, पण आधी लग्न झालेल्या वगळल्या. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने ती अट गेली. २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, वडील २००५ ला हयात असायलाच हवेत असंही नाही. फक्त रीतसर वाटणी आधीच झालीय का आणि तुम्ही हक्कसोडपत्रावर सही केलीय का, ते पाहावं लागेल.

बी-४०३: सही घेतली होती. भाऊबीजेला गेले होते तेव्हा. कशावर ते सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ए-३०२ ताई: आजी, वकीलबाईंशी पहिलं बोलणं तुमचं. मी त्यांना आजच फोन करून सांगते.

बी-१०४ काकू: वाचलं. मी येतेय. चहा माझ्याकडे लागला, आणि आजींना खाली मी घेऊन येईन.

बी-४०३ (सून): ताई, सातबारा आणि फेरफार कुठून काढायचे? गावी मागितले तर लगेच चर्चा होईल.

ए-३०२ ताई: गावी कोणाला विचारायची गरज नाही. सरकारच्या महाभूमी साइटवर डिजिटल सहीचे मिळतात. गट नंबर आजींना आठवतो का विचारून ठेव. जेवणं झाली की लॅपटॉप घेऊन वर येते.