एक्सेलच्या फाइली एकत्र करणं खरंच ‘दहा मिनिटांचं काम’ आहे?

तालुका_ऑपरेटर:
काल इथे एकाने ठासून लिहिलं, “शंभर फाइली एका तक्त्यात आणायला एक्सेलमधल्या पॉवर क्वेरी या फाइली जोडायच्या साधनात फोल्डर दाखवा, कम्बाइन दाबा, दहा मिनिटांत मोकळे. ऑपरेटर उगाच दिवस घालवतात.” डोकं फिरलं, म्हणून सविस्तर लिहितोय.

मी तालुक्याला शाळांची माहिती गोळा करतो. इथून नमुना एकच जातो. परत येतो तेव्हा कुणी वर तीन ओळींचं शीर्षक मर्ज करून ठेवलेलं असतं, कुणी खाली ‘एकूण’ची ओळ टाकलेली असते. कुठे मथळा ‘शाळेचे नाव’, कुठे ‘शाळेचे नांव’. पॉवर क्वेरी पहिली फाइल नमुना धरते आणि तिच्यात नसलेला रकाना गुपचूप गाळते. एरर नाही, काही नाही. एका अनुस्वारापायी शाळेच्या नावाच्या जागी खाली सगळं नल, म्हणजे रिकामं. ‘एकूण’च्या ओळी बेरजेत शिरल्या की पटसंख्या दुप्पट. कम्बाइन दाबायला दहा मिनिटं लागत असतील. फाइली त्या लायकीच्या करायचं काम कोण मोजतं?

क्वेरीप्रेमी:
ते वाक्य माझंच, आणि मी त्यावर ठाम आहे. वरच्या ओळी काढा, ‘एकूण’ फिल्टर करा, मथळे बदलायची पायरी, नमुना धरलेल्या त्या पहिल्या फाइलीच्या क्वेरीत टाका. एकदा बसवलं की पुढच्या महिन्यात फक्त रिफ्रेश. नमुना मोडतोय तर शीट प्रोटेक्ट का करत नाही?

तालुका_ऑपरेटर:
करून पाहिलं, साहेब. बरेच जण मोबाइलवर भरतात. शीट अडली की नवी फाइल उघडून सगळं हाताने टाइप करून पाठवतात. तिच्यात शीटचं नावही वेगळं, मग तुमची क्वेरी तिथेच अडते.

वस्तीवरची_शिक्षिका:
नमुना एकच जातो म्हणे! सकाळी ग्रुपवर ‘अतितातडीचे’, दुपारी ‘सुधारित नमुना’, संध्याकाळी आणखी एक रकाना वाढवून तिसरा. आमची शाळा द्विशिक्षकी. सोबतचे सर प्रशिक्षणाला गेले की चारही वर्ग माझ्याकडे. पोरं समोर बसवून मी मोबाइलवर शाळेचं नाव, केंद्र, माध्यम, पट परत परत भरते. हे सगळं यू-डायस प्लसवर, शाळांच्या माहितीच्या सरकारी पोर्टलवर, आहे ना? मग अनुस्वार चुकला म्हणून आम्हाला कशाला बोल लावता?

तालुका_ऑपरेटर:
मॅडम, बोल तुम्हाला लावलेला नाही. रकाने मी ठरवत नाही, ते जिल्ह्याहून येतात. मीही रात्री आठपर्यंत कार्यालयातच असतो.

पायथनवाला:
एक्सेलच सोडा. पायथनमधल्या पांडाजचं कॉनकॅट, म्हणजे तक्ते जोडायची आज्ञा, ‘नाव’ आणि ‘नांव’ दोन्ही रकाने ठेवतं, गडबड लगेच दिसते. २०२० मध्ये इंग्लंडमध्ये कोरोनाचे १५,८४१ रुग्ण रोजच्या आकड्यांतून गळाले, कारण माहिती जुन्या एक्सएलएस फाइलीत भरली जात होती आणि तिच्यात ६५,५३६ च ओळी मावतात.

तालुका_ऑपरेटर:
कार्यालयाच्या मशीनवर काही इन्स्टॉल करायची परवानगी नाही. आणि न कळता गळतं, हेच तर मी पहिल्यापासून सांगतोय.

हिशेबनीस:
रकाना गळाला तर निदान दिसतो तरी. बँक खात्याचं काय? एक्सेल आकड्याचे पहिले १५ अंक धरतं, पुढचे शून्य करतं. १६ अंकी खात्याचा शेवटचा अंक गेला, की पोराची शिष्यवृत्ती परत. माझ्या पुतणीची अशीच अडकली होती. बँक म्हणे शाळेत जा, शाळा म्हणे तालुक्याला जा. क्वेरीत ‘चेंज्ड टाइप’ ही रकान्याचा प्रकार ठरवणारी पायरी आपोआप येते, ती आधी काढा. खातं भरतानाच टेक्स्ट हवं. आकडा म्हणून भरलं की सुरुवातीचं शून्यही उडतं.

क्वेरीप्रेमी:
ती पायरी काढावी लागते, हे बरोबर. पण दोष माहिती भरणाऱ्यांचाच आहे. साधी शिस्त नको?

वस्तीवरची_शिक्षिका:
शिस्त? या एकदा वर्गावर आणि भरा तुमचा नमुना! शाळेला यू-डायस क्रमांक दिलाय तो कशासाठी? तो क्रमांक आणि जो नवा रकाना हवा तेवढाच मागा. नाव-गाव तुमच्या यादीतून जोडून घ्या.

तालुका_ऑपरेटर:
हे मात्र मानावं लागेल. ११ अंकी क्रमांक नीट आला तर बाकीचं मी त्यावरून यादीतून जोडून आणतो, ‘नांव’चा प्रश्नच राहत नाही. पण क्रमांकातला एक अंक चुकला तर फोन मलाच करत बसावे लागतील.

क्वेरीप्रेमी:
क्रमांक तुम्हीच भरून पाठवा, शाळेने फक्त पुढचा रकाना भरायचा. आणि ठीक आहे, दहा मिनिटं नाही, पहिल्या वेळी एक दिवस धरा.

तालुका_ऑपरेटर:
एक दिवस! बरं, एवढं तरी कबूल झालं.

वस्तीवरची_शिक्षिका:
उद्या ग्रुपवर दोनच रकान्यांचा नमुना आला तर मानेन. तिसरा रकाना दिसला तर परत इथेच येऊन लिहीन.