खुनी निवेदकाला 'अपराधगंड' असतो का?

अर्धविराम: एडगर ॲलन पोच्या 'द टेल-टेल हार्ट'चं (१८४३) भाषांतर चालू आहे. निवेदकाने म्हाताऱ्याला मारून, तुकडे करून जमिनीच्या तीन फळ्यांखाली पुरलंय. पहाटे चारला तीन पोलीस येतात, त्याच खोलीत गप्पा रंगतात आणि निवेदकाला फळ्यांखालून काळजाचे ठोके ऐकू येऊ लागतात. प्रस्तावनेत मी याला 'अपराधगंड' म्हटलं. संपादकांना 'अपराधबोध' हवाय.

रफार: अपराधबोध सरळ हिंदीतून उचललेला, नकोच. गंडही नको. गंड म्हणजे मुळात गाठ, सूज, गंडमाळेतला. न्यूनगंड, अहंगंड वर्षानुवर्षं मुरलेले असतात. इथे आठव्या रात्री खून आणि काही तासांत कबुली. गाठ धरायला वेळ कुठे मिळाला? साधं 'मन खातं' लिहा.

वेलांटी: मन खातं त्याला केल्याची खंत असते. खुनानंतर खंतीचं एक वाक्य दाखवा! रक्ताचा डाग कुठेच पडू दिला नाही याची फुशारकी तेवढी आहे. पोच्याच 'द ब्लॅक कॅट'चा निवेदक तर सांगतोच की टोचणी फारशी लागली नाही. बायकोला तळघराच्या भिंतीत चिणलंय, सोबत चुकून मांजरही, चौथ्या दिवशी पोलीस झडती संपवून निघालेत, आणि हाच बढाई मारत त्या भिंतीवर काठी ठोकतो. आतून मांजर ओरडतं ते त्यामुळे. याला आपल्याकडे 'खुनाला वाचा फुटणे' म्हणतात. खुन्याला पश्चात्ताप झालाय की नाही, याच्याशी त्या वाक्प्रचाराला घेणंदेणं नाही.

तळटीप: मांजराला लागू पडेल, ठोक्यांना नाही. ठोके फक्त त्यालाच ऐकू येतात, पण पोलीसही ऐकतायत आणि मुद्दाम हसतायत अशी त्याची खात्री पटते. 'चोराच्या मनात चांदणं' हेच.

अर्धविराम: बरं, पहिल्याच वाक्यात तो विचारतो, मला वेडा का म्हणता? 'वेडा' फार मऊ वाटतं, लाडानेही म्हणतो आपण. भ्रमिष्ट करू?

तळटीप: भ्रमिष्टाला कशाचा पत्ता नसतो. हा दारातून नुसतं डोकं आत घालायला तासभर लावतो. आजाराने कान तिखट झाले म्हणतो, बोथट नाही.

रफार: 'मनोविकल' हा कायद्यातला शब्द आहे की. ही गोष्ट आली जानेवारी १८४३मध्ये. त्याच महिन्यात लंडनमध्ये मॅक्‌नॉटनने पंतप्रधानांच्या सचिवावर, ड्रमंडवर गोळी झाडली आणि वेडाच्या मुद्द्यावर सुटला. त्या खटल्यातून निघालेली वेडाची कसोटी आपल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २२मध्ये आजही आहे: कृत्याचं स्वरूप, किंवा ते गैर आहे, हे कळत होतं का?

वेलांटी: मग त्या कसोटीवर हा मनोविकल ठरणंच कठीण. लपवाछपवी केली म्हणजे कळत होतं. वेड पांघरून पेडगावला जाणारे सुटतात. हा शहाणपण सिद्ध करायला जातो आणि बचावाचा एकमेव रस्ता स्वतःच बंद करतो. शिवाय 'वेडा' लिहिलंत की निवेदक पुरुष ठरला. मूळ गोष्टीत तो पुरुष की बाई, हे कुठेच सांगितलेलं नाही. 'मी कंदील उघडला' इथे निभावतं, 'मी अस्वस्थ होतो' लिहिलं की फसलात. 'माझ्या जिवाला स्वस्थता नव्हती, पण मला वेड लागलंय असं का म्हणता?' असं करा.

रफार: वेड क्रिकेटचंही लागतं. जोर गेला.

तळटीप: 'डोकं फिरलंय' घ्या. लिंगही लपतं, जोरही राहतो.

रफार: १८४३च्या निवेदकाच्या तोंडी? फारच आजचं वाटतं.

अर्धविराम: आणि प्रस्तावनेतला गंड? उद्या मजकूर द्यायचाय.