लोअर आर्मचा बोल्ट नुसताच फिरतोय, वेल्डिंगचे टाके मारून घेऊ का?

खारावारा_रत्नागिरी
गाडी २०१२ची पेट्रोल हॅचबॅक. वर्षानुवर्षं उघड्यावर उभी, समुद्र हाकेच्या अंतरावर, तेव्हा खाली गंज किती असेल ते समजून घ्या. पावसाळ्याआधी डाव्या बाजूच्या लोअर आर्मचे (चाकाला गाडीच्या सांगाड्याशी जोडणारा खालचा दांडा) बुश (लोखंडी नळीभोवती रबर असलेले सांधे) इथल्याच एका गॅरेजात बदलून घेतले. तेव्हापासून ब्रेक मारला की खालून 'कट्' असा एकच आवाज. रिव्हर्स घेऊन ब्रेक मारला की पुन्हा एक 'कट्'. काल गाडी उचलून पाना लावला, तर आर्मचा मागचा बोल्ट फिरतच राहतो, घट्ट होण्याचं नाव नाही. नट दिसत नाही, तो वर बंद पेटीत आहे. गॅरेजवाला म्हणतो, "डोक्याला दोन टाके मारून देतो, जन्मात सुटणार नाही." पुढच्या आठवड्यात आईला डोळे दाखवायला आंबा घाटातून कोल्हापूरला न्यायचंय. टाके मारून जाऊ का?

घाटमाथा_४०७
एवढं काय घाबरता? १४ मिलिमीटरचा बोल्ट घ्या आणि इम्पॅक्ट गननं (बोल्ट आवळायचं मशीन) रेटून बसवा, तोच आपले आटे पाडत जातो. आमच्या ट्रॉलीला असाच बसवलाय, मस्त चालतंय.

आटेवाला_शिरोली
ट्रॉली ट्रॅक्टरमागनं जाते, तिला स्टेअरिंग नसतं. ही गाडी परतताना आंबा घाट उतरणार आहे.

खारावारा, आधी आईंना एसटीनं कोल्हापूरला न्या. गाडी घरी राहू दे. ब्रेक लागला की चाक मागं रेटलं जातं, तो सगळा रेटा आर्मच्या याच दोन बोल्टांवर येतो. तुमचा 'कट्' म्हणजे आर्म भोकातल्या भोकात सरकल्याचा आवाज. पुढं जाताना एका बाजूला सरकतो, रिव्हर्सला दुसऱ्या, म्हणून दोन्हीकडं एकेकदाच वाजतो.

टाके का नकोत? बोल्ट डोक्यामुळं धरत नाही. आवळल्यावर तो ताणला जातो आणि त्या ताणानं बुशची नळी पत्र्याला दाबून धरतो. आटे गेले की ताण संपला. डोकं वेल्ड केलं तर बोल्ट पडणार नाही एवढंच, आर्म सरकायचा तो सरकणारच. वर कडक पोलादाच्या बोल्टाला वेल्डिंगची आंच लागली की त्याचा कस जातो, शेजारचं बुशचं रबर भाजतं ते वेगळंच.

आता रोग ओळखा. बोल्टाच्या डोक्याखाली पेचकसाची पाती सारा, बाहेरच्या बाजूला रेटा द्या आणि पाना उलटा फिरवा. बोल्ट बाहेर आला तर आटे गेलेत, नट जागेवर आहे. फिरतोय पण जागचा हलत नाही, तर आतल्या नटाचं वेल्डिंग तुटलंय आणि तो बोल्टाबरोबर गरगरतोय. पहिलं काम सोपं. दुसऱ्यात पेटीला खिडकी कापावी लागते, नवा नट वेल्ड करावा लागतो, आणि ते चांगल्या बॉडीशॉपकडंच द्यायचं. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढायला लावा.

बोल्ट निघाला तर त्याच्या आट्यांचा जवळून फोटो टाका.

खारावारा_रत्नागिरी
काका, आईला एसटीनं नेऊन आणलं. बोल्ट पेचकसाच्या रेट्यानं आला बाहेर. आट्यांमध्ये बारीक तारेची गुंडाळी अडकलीय, चमकती, घड्याळाच्या स्प्रिंगसारखी. बोल्टाचे स्वतःचे आटे मात्र शाबूत दिसतात. हे कसं?

आटेवाला_शिरोली
ती तार म्हणजे तुमच्या नटाचे आटे. सोलून आलेत. बोल्ट शाबूत आणि नट सोललेला, म्हणजे मला पिचचा, म्हणजे दोन आट्यांमधल्या अंतराचा, संशय येतो. स्टीलची पट्टी घ्या आणि बोल्टावर दहा आटे मोजा. साडेबारा मिलिमीटर भरले तर पिच १.२५, पंधरा भरले तर १.५. उजव्या बाजूचा कंपनीचा बोल्ट काढून तोही मोजा, मोजून झाला की लगेच परत आवळा.

खारावारा_रत्नागिरी
डावा पंधरा. उजवा साडेबारा!

आटेवाला_शिरोली
मग झालं. दोन्ही बारा मिलिमीटरचेच, दिसायला सारखे. जुना गंजलेला म्हणून टाकून दिला असेल आणि डब्यातला हाताला लागेल तो घेतला असेल. १.५चा बोल्ट १.२५च्या नटात हातानं एक-दोन फेरे जातो आणि अडतो. हातानं लावणारा तिथंच थांबतो. इम्पॅक्ट गनला थांबायचं कळत नाही. कुठलाही बोल्ट निदान चार-पाच फेरे बोटांनी गेल्याशिवाय गन लावू द्यायची नाही, गॅरेजवाला कितीही घाईत असला तरी.

आता १२ × १.२५चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हातानं घाला. अर्धा फेरा पुढं, पाव फेरा मागं. नटाच्या वरच्या भागात चांगले आटे उरले असतील अशी आशा ठेवू नका, गननं बोल्ट पार वर नेलाय. तरी बघा. टॅप ढिला ढिला जात असेल तर हेलिकॉइल. नटाचं भोक किटमधल्या ड्रिलनं मोठं करायचं, त्याच किटच्या टॅपनं आटे पाडायचे आणि तारेचं कॉइल आत फिरवून बसवायचं. कॉइलचं शेपूट मोडून काढायला विसरू नका, नाहीतर बोल्ट तिथं अडतो. मूळ मापाचाच बोल्ट परत बसतो, आणि पोलादी नटात हे काम नीट झालं तर भरवशाचं असतं. कस सगळा ड्रिल सरळ जाण्यात आहे. हातातलं मशीन तिरकं गेलं की नटाची भिंत एका बाजूला पातळ होते. म्हणून आर्म पूर्ण उतरवा आणि जमत नसेल तर एखाद्या टर्नरला गाडीपाशी बोलवा.

बोल्ट नवा घ्या, कंपनीचाच. डोक्यावरचा आकडा उजव्या बाजूच्या कंपनीच्या बोल्टाशी जुळवा. आणि खारा वारा म्हणून स्टेनलेस लावायचा मोह होईल, तो टाळा. बाजारातला साधा स्टेनलेस ७० नंबरचा, म्हणजे ७०० मेगापास्कल ताणाला तुटणारा. डोक्यावर ८.८ लिहिलेला बोल्ट ८००, १०.९चा १००० सोसतो.

पंक्चर_ते_पिस्टन
काकांचं सगळं पटलं, एक माझी भर. आडवा बोल्ट असेल तर तो शेवटचा आवळताना गाडी चाकांवर उभी हवी. चाक लोंबकळत असताना आवळलात तर बुशचं रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. नंतर चाकांची अलाइनमेंट करायचीच. टॉर्क (आवळण्याचा जोर) मॅन्युअलमधला, अंदाजानं नाही.

खारावारा_रत्नागिरी
टॅप ढिलाच गेला. टर्नर येऊन हेलिकॉइल बसवून गेला, नव्या बोल्टानं टॉर्क पाना 'टक्' झाला. ब्रेकचा आवाज गेला. शंभर-दोनशे किलोमीटरनी पुन्हा टॉर्क तपासू ना?

आटेवाला_शिरोली
तपासा. आणि त्याच आर्मचा पुढचा बोल्टही काढून दहा आटे मोजा. तोही त्याच डब्यातला असायचा.