वाचून झालेली कुमार कादंबरी स्टँडवर सोडून द्यावी का?

गंगापूररोडवाली
भाचीसाठी घेतलेली कुमार कादंबरी आधी मीच वाचून काढली. आजोबा वारल्यावर नववीतला पोरगा त्यांचा मोबाइल बंदच करत नाही. त्यांच्या ग्रुपवर रोज सकाळी झेंडूच्या फुलांचं 'सुप्रभात' टाकतो, कुणाच्या गुडघेदुखीवर उपाय सुचवतो, सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडतोसुद्धा. निम्म्या पेन्शनरांना माणूस गेल्याचा पत्ताच नाही. सगळा तिरपागडा मामला. पण ग्रुपमधल्या एक आजी थेट घरी येऊन दार वाजवतात, तिथे मला पुस्तक मिटून चहा टाकायला उठावं लागलं.

नाव मुद्दाम सांगत नाही, कारण हीच प्रत आता मोकळी सोडायची आहे. भाचीला दुसरी घेईन. आतल्या पानावर 'वाचा आणि पुढे द्या, कपाटात ठेवू नका' असं लिहून नाशिकच्या सीबीएस बसस्टँडच्या बाकावर ठेवणार. गावाकडच्या गाड्यांची वाट बघत कॉलेजची पोरं तिथे ताटकळत असतात. अमेरिकेत 2001 पासून 'बुकक्रॉसिंग' म्हणून हाच प्रकार चालतो. पुस्तकावर नंबर घालायचा, सापडेल त्याने वेबसाइटवर कळवायचं. मला तर नंबरही नको. कुणाची हरकत?

रद्दीवाचक
माझी आहे. पहिली गोष्ट, पुस्तक संध्याकाळपर्यंत भेळवाल्याकडे पोचेल. दुसरी जास्त महत्त्वाची. मराठी कुमार कादंबरीच्या प्रती निघतात किती? पाचशे, फार तर हजार. लेखकाला छापील किमतीवर साधारण दहा टक्के, तेही मिळाले तर. दोनशेच्या पुस्तकाचे वीस रुपये झाले. एकच प्रत दहा जणांनी वाचली, तर त्या वीस रुपयांवरच त्याची बोळवण. पुण्य तुमचं, खर्च लेखकाचा.

गंगापूररोडवाली
ते दहा जण दुकानात जाणारच होते असं गृहीत धरताय तुम्ही. स्टँडवरच्या पोराला असं पुस्तक निघतं हेच मुळात माहीत नाही. त्याच्या लेखी मराठी पुस्तक म्हणजे गाइड.

सातपूरकर
एवढी खटपट कशाला ताई? पीडीएफ टाका ग्रुपवर. हजार जण वाचतील.

जुना_सभासद
सातपूरकर, ती चोरी आहे. विकत घेतलेली प्रत कुणाला द्या, विका, बाकावर ठेवा, कायद्याची आडकाठी नाही. 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 14 मध्ये प्रती बाजारात आणायचा हक्क लेखकाला दिलाय, पण आधीच वितरणात आलेल्या प्रती त्यातून वगळल्या आहेत. पीडीएफ फिरवणं म्हणजे प्रत्येक वेळी नवी प्रत काढणं. रद्दीवाचकांनीही हा फरक ध्यानात घ्यावा.

बाकी मलाही बाक पटत नाही. 1840 सालचं सार्वजनिक वाचनालय या गावात आहे. कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी'च्या पुस्तकांच्या पेट्या 2009 पासून इथूनच निघाल्या आणि दुबईपर्यंत गेल्या. पेटी कुणीतरी सांभाळतं, माणसं ओळखीची असतात, म्हणून पुस्तकं फिरत राहतात. सोडायचंच तर तिथे द्या.

गंगापूररोडवाली
पेट्यांबद्दल आदरच आहे, पण पेटी जाते ती वाचणाऱ्यांच्या घरी. वाचनालयांचं म्हणाल, तर मी पाहिलेल्या बहुतेक ठिकाणी अशी कादंबरी बालविभागात, परीकथांच्या शेजारी असते. मिसरूड फुटलेला पोरगा तिथे बूड टेकेल का? मोठ्यांच्या कपाटाकडे तो फिरकत नाही. या वयाच्या पुस्तकाला धड फळीच नाही, मग बाक काय वाईट?

पासधारक_पंचवटी
एक व्यवहाराची गोष्ट राहिली. बेवारस वस्तूला हात लावू नका, हे आम्ही नाशिकरोडला रोज ऐकतो. तुम्ही दुधाच्या पिशवीत गुंडाळून काही ठेवलंत की पोरगं उचलायच्या आधी पोलीस येईल. पंचवटी एक्स्प्रेसमध्ये आमच्या पासवाल्यांच्या डब्यात पुस्तकं फिरतात, पण हातातून हातात. कसाऱ्याच्या पुढे मोबाइलची रेंज गेली की समोरचा स्वतःच विचारतो, काय वाचताय? मग द्यायचं. पुस्तक ठेवून पळायचं कशाला? समोरच्याला सांगा की, 'आजी दार वाजवते तिथपर्यंत तरी वाच.' उतरताना तो पुस्तक परत करत नाही, हा अनुभव आहे.

रद्दीवाचक
परत करत नाही, याला तुम्ही यश म्हणता!

पासधारक_पंचवटी
हो. पुढच्या आठवड्यात ते तिसऱ्याच्याच मांडीवर दिसतं.

सिडकोची_आई
मला काळजी वेगळीच आहे. माझी मुलगी तेरा वर्षांची. स्टँडवर उचललेलं पुस्तक घरी आणलं, तर मी आधी चाळणार. कुमार म्हणवणाऱ्या पुस्तकांतही हल्ली शिव्या असतात, मरण असतं. आणि खरं सांगू का, मेलेल्या आजोबांच्या नावाने मेसेज टाकणं मला गमतीचं वाटलं नाही. आमच्याकडे सासऱ्यांचा नंबर अजून कुणी डिलीट केलेला नाही.

गंगापूररोडवाली
तोच तर पुस्तकाचा विषय आहे हो. पोराला फजिती करायची नाहीये, त्याला तो नंबर बंद झालेला बघवत नाही. लेखकाने हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही, पोरगा फक्त रोज चार्जिंगला लावत राहतो. तेरा वर्षांच्या मुलीला हे आपल्यापेक्षा लवकर कळेल.

पासधारक, तुमचं निम्मं मान्य. बाकावर ठेवून जाणार नाही, शेजारी बसलेल्याच्या हातात देईन. पण अनोळखी माणसालाच. ओळखीचा माणूस 'वाचतो नंतर' म्हणून टीव्हीच्या मागे टाकतो.

सिडकोची_आई
बरं, नाव व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. आधी मी वाचते, मग मुलीचं ठरवू.

रद्दीवाचक
विकत घेऊन वाचा.