अ‍ॅडीला विसरू नका

'अमेरिकन गर्ल' ही जुन्या काळातल्या मुलींच्या गोष्टींची अमेरिकन बालपुस्तकमाला. तिची पुस्तकं मोठेपणी वाचली की गुळगुळीत वाटतात, असं म्हणतात; हे सामंथा या नायिकेपुरतं थोडंफार मान्य. १९०४ सालातली श्रीमंत घरची नात ती! पण तिथेही बघा, शाळेत देशाच्या प्रगतीवर भाषण करायचं असतं, सामंथाबाई कारखान्यांचं गुणगान लिहून मोकळ्या होतात. मग कारखान्यात राबलेली तिची गरीब मैत्रीण नेली तिला आतली हकिगत सांगते आणि भाषण पार फिरतं. आठ-नऊ वर्षांच्या वाचकासाठी हे कमी नाही.

आणि अ‍ॅडी? १८६४ची गुलामीतली मुलगी. तंबाखूच्या पानांवरच्या अळ्या राहून गेल्या म्हणून मुकादम त्याच अळ्या तिच्या तोंडात कोंबतो. लहानपणी नुसती किळस आली होती. आता जास्त लागलं ते पुढचं: रडण्यानं सगळेच पकडले जातील म्हणून अ‍ॅडीच्या तान्ह्या बहिणीला, एस्थरला, मागे सोडून आई अ‍ॅडीला घेऊन पळून जायला निघते. यात गुळगुळीत काय आहे?

स्वीडनहून अमेरिकेत येणाऱ्या कर्स्टनची मैत्रीण मार्टाही पहिल्याच पुस्तकात कॉलऱ्यानं जाते, तेही बोटीवर, नवं घर दिसायच्या आधीच.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या मॉलीची सलगम खावं लागण्यावरची कुरकुर मात्र आता फारच ताणल्यासारखी वाटली. युद्धकाळ असला म्हणून काय झालं!