ताकायासु आर्टरायटिस: बहिणीला आहे, मी जनुकीय तपासणी करावी का?

प्रश्न: माझ्या धाकट्या बहिणीच्या डाव्या मनगटाची नाडी लागत नाही आणि दोन्ही हातांच्या रक्तदाबात बराच फरक येतो, निदान ताकायासुचे (मोठ्या धमन्यांना दाह होऊन त्या अरुंद होण्याचा आजार) झाले आहे. मी एचएलए-बी५२ (रोगप्रतिकारशक्तीशी संबंधित एक जनुकप्रकार) तपासून घ्यावे का?

उत्तर १: माझ्या मते नको. या आजाराशी सर्वांत ठामपणे जोडला गेलेला जनुकप्रकार हाच असला, तरी तो असणाऱ्या बहुसंख्य लोकांना आजार कधीच होत नाही आणि तो नसलेल्यांनाही होऊ शकतो.

उत्तर २: सहाव्या गुणसूत्रावरील या जनुकाखेरीज आयएल१२बी या जनुकाचाही संबंध जपानी व तुर्की रुग्णांत आढळला आहे, इंटरल्यूकिन-१२ आणि २३ या दोन्ही दाहकारक प्रथिनांचा सामाईक भाग त्यावरूनच बनतो.

प्रश्नकर्ता: आभार. तूर्त दोन्ही हातांचा रक्तदाब तेवढा मोजून घेतो.