हलव्याचे दागिने घरीच करावेत, आणि हलवाही घरचाच

काळी_चंद्रकळा
डिसेंबर सरत आला की इंदूरच्या मराठी घरांत एकच विचारणा सुरू होते: पुण्याहून सेट मागवलात का? नव्या सुनेला हार, बाजूबंद, कंबरपट्टा, नथ. जावयाला हार आणि हलव्याने मढवलेला नारळ. बोरन्हाणाच्या बाळाला मुकुट, बासरी. खोकं उघडावं तर पुष्कळदा हलव्याच्या जागी थर्माकोलचे गोळे नि प्लॅस्टिकचे मोती. हाताने करून द्यावी अशी याहून सुंदर वस्तू संक्रांतीला नाही, आणि करायचीच तर हलवाही घरीच करावा असं माझं ठाम मत. माळव्यातली जानेवारीची कोरडी थंडी याला अगदी पोषक. मुंबईच्या दमट हवेत ज्यासाठी झगडावं लागतं ते इथे फुकट मिळतं. सियागंजातून साखर, साबुदाणा, तीळ आणा, राजवाड्यामागच्या गल्ल्यांतून जर आणि काळा कपडा. अजून काय लागतं?

हिशेबनीस
वेळ लागतो, ताई. हौस मान्य, गणित अमान्य. हलव्याला काटा धरायला रोज दोनेक तास असे तीन-चार दिवस जातात. मग ओवणं. १६ इंची पदरात, गाठीसकट दाण्याला ८ मिलिमीटर धरले तर ५० दाणे. तीनपदरी हाराला १५०. एका गाठीला अर्धा मिनिट म्हटलं तरी सव्वा तास नुसता हाराला. बाजूबंद, बांगड्या, कंबरपट्टा वेगळे. हे सगळं घरातल्या एकाच बाईने करायचं आणि बाकीच्यांनी ‘घरचं ते घरचं’ म्हणत फोटो काढायचे. हलवा विकत आणा, दागिने घरी करा. भेटीतली गंमत ओवण्यात आहे, परातीत बोटं भाजून घेण्यात नाही.

परात_आणि_पळी
बोटं भाजत असतील तर आच चुकते आहे. परात हाताला सोसेल इतकीच गरम हवी, त्यापुढे नाही.

एका खेपेला पाव वाटी दाणे पुरे. बारीक साबुदाणा, पांढरे तीळ किंवा खसखस, पण एका वेळी एकच जिन्नस, नाहीतर लहानमोठं होतं. (आपल्या खिचडीचा टपोरा साबुदाणा इथे नको, दाणा फुगून बोराएवढा होतो.) एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध घालून मळी काढायची आणि पाक मलमलीतून गाळायचा. एकतारीच्या जरा अलीकडे थांबायचं. दाणे परातीत कोमट करून वर एक चमचा पाक टाकायचा, बोटांच्या टोकांनी हलकेच फिरवत राहायचं, पूर्ण कोरडा झाला की दुसरा चमचा. घाईने दोन चमचे एकदम टाकले की दाणे एकमेकांना धरतात आणि पुढे सुटत नाहीत.

काटा म्हणजे साखरेचा स्फटिक. पहिल्या दिवशी दाणा नुसता पांढरा आणि खडबडीत होतो. पुढच्या प्रत्येक थराची साखर त्या उंचवट्यांवरच वाढत जाते. आच मोठी झाली तर पाक दाण्यावर न धरता भुगा होऊन खाली पडतो. तो भुगा दर वेळी चाळून काढायचा, वाया घालवायचा नाही, पाकात परत विरघळवायचा. लिंबाचे दोन थेंब चालतात. जास्त पिळलं की साखर स्फटिक धरतच नाही, मग हलवा चिकट आणि गुळगुळीत राहतो. ‘काटाच येत नाही’ या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच निघतं. रंग हवा असेल तर शेवटच्या चार-पाच चमच्यांतच घालायचा.

रात्री पातळ कापडाखाली ठेवा. झाकण घातलं तर आतल्या वाफेने सगळं पाणावतं.

हिशेबनीस
कृती पटली. पण यात माझा मुद्दा खोडला कुठे? उलट चार दिवस लागतात हेच सिद्ध झालं.

सरकगाठ
एक गोष्ट हिशेबातून सुटली आहे. हलव्याला सुईने भोक पाडता येत नाही, दाणा तडकतो. तो दोऱ्याच्या सरकगाठीत अडकवायचा असतो, आणि गाठ टिकते ती काट्यामुळे. बाजारात जो गुळगुळीत, गोलसर हलवा मिळतो त्यावरून दोरा घसरतो आणि हळदीकुंकवात सूनबाईच्या पदरावर दाणे गळायला लागतात. विकतच घ्यायचा तर काटेरी निवडून घ्या, चकाकी बघू नका.

दोरा सुती, दुहेरी. नायलॉन नको, गाठ उलगडते. हारात दर दहा दाण्यांनंतर जरीची एक गाठ द्या. एक दाणा निसटला तरी सबंध पदर ओघळत नाही. पदकासाठी तीळ नव्हे, बदामावर किंवा वेलदोड्यावर चढवलेला मोठा हलवा घ्यावा.

पुठ्ठा_कात्री
एवढं गाठवायचंच कशाला? मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा कापा, वर काळा मखमली कागद, त्यावर ग्लू गनने हलवा. मुकुट अर्ध्या तासात होतो. पांढरा डिंक मात्र वापरू नका, त्यातल्या पाण्याने हलवा विरघळून पिवळट पडतो. गरम डिंक पुठ्ठ्यावर लावून तीन-चार सेकंद थांबायचं आणि मग दाणा टेकवायचा. थेट दाण्यावर सोडला तर साखर वितळते. नथीला तांब्याची बारीक तार. त्या तारेवर दाणे तेवढे दोऱ्यानेच बांधावे लागतात, इतकं मी मान्य करते.

सरकगाठ
सुनेच्या मुकुटाला ठीक. बाळाच्या मुकुटाला ग्लू गन? बोरन्हाणात मूल अंगावरचा हलवा ओढून तोंडात घालतं, निम्मी मजा त्यातच असते. डिंकाचा गोळाही दाण्याबरोबर पोटात जाणार.

परात_आणि_पळी
बाळासाठी साखरेचाच गोंद करा. चार चमचे पिठीसाखरेत लिंबाचं पाणी थेंबाथेंबाने, साधारण अर्धा चमचा. चमच्यावर टोक उभं राहील इतकं घट्ट. त्या पाण्यात आधीच साखर भरलेली असल्याने दाणा विरघळत नाही. रात्रभर वाळवा. आणि ज्याला नीट चावता येत नाही त्याच्या हाताला लागेल असा एकही सुटा दाणा नको. हलवा कडक असतो, घशात अडकतो. अशा बाळाला नुसता मुकुट, तोही न्हाण झालं की लगेच उतरवायचा.

काळी_चंद्रकळा
बघा हिशेबनीस, विकतच्या सेटमध्ये कोणता डिंक आहे हे कोण सांगणार?

हिशेबनीस
तो मुद्दा बाळापुरता मान्य. मोठ्यांचे दागिने कुणी खात नाही.

माळवी_मिरची
भिया, आणखी एक. समारंभ झाल्यावर पुठ्ठा, डिंक, थर्माकोल आणि साखर एकात एक चिकटलेली. इंदुरात कचरागाडीवाला विचारणार, हे ओल्यात टाकू की सुक्यात? दोऱ्याने ओवलेला हार कात्रीने कापला की हलवा ओल्यात, दोरा सुक्यात. एवढ्या एका गोष्टीसाठी तरी मी सरकगाठीच्या बाजूने.

पुठ्ठा_कात्री
कचऱ्यासाठी दागिने करायचे का आता! पुठ्ठा कपाटात जपून ठेवा, पुढच्या वर्षी हलवा नवा लावा.

परात_आणि_पळी
जपून ठेवायचा तर डब्यात सिलिका जेलची पुडी हवी. फ्रिजमध्ये नको, बाहेर काढताच दव धरतं. आणि मावठा आला तर त्या दिवशी परात चढवूच नका.

हिशेबनीस
मावठा म्हणजे आणखी दोन दिवस वाढले. माझी तडजोड ऐका: काटेरी हलवा विकत, हार आणि नथ घरी, बाळाचा मुकुट साखरेच्या गोंदाचा. जावयाचा नारळ मात्र तयारच आणणार. गोल गुळगुळीत करवंटीवर चांदीचा कागद, त्यावर खालून वर ओळीने दाणे लावत जायचे आणि तिसऱ्या ओळीला सगळं घसरायचं, हे कोणी आनंदाने करतं यावर माझा विश्वास नाही.

सरकगाठ
नारळ वाटीत बसवून करा, हातात धरून नाही. आणि एक ओळ वाळल्याशिवाय दुसरी घेऊ नका, घसरणार नाही.

हिशेबनीस
म्हणजे नारळालाही दोन दिवस!